शिसं ओ देतं

घाबरू नका, हात वर करू नका. दिसतो पिस्तुलासारखा, पण आजवर एकही गोळी झाडलेली नाही. मी शिसं शोधणारं यंत्र बोलतोय. मला मूठ आहे, चाप आहे, पाठीवर छोटासा पडदा आहे आणि पुढे चपटं नाक. हे नाक भिंतीला, खेळण्याला, कपाला टेकवायचं आणि चाप दाबायचा. डोक्यावर तांबडा दिवा लागतो आणि थोड्या वेळात पडद्यावर आकडा येतो.

माझं काम तसं सोपं आहे. माझ्या नाकातून न दिसणारे क्ष-किरण निघतात आणि रंगातल्या कणाकणाला हाक मारतात. प्रत्येक धातू त्या हाकेला आपापल्या आवाजात ओ देतो. जस्ताचा आवाज वेगळा, लोखंडाचा वेगळा. शिशाला तर दोन आवाज आहेत, एक दबका आणि एक जरा खणखणीत. शिसं रंगाच्या चार थरांखाली गाडलेलं असलं, तर दबका आवाज वाटेतच विरतो आणि खणखणीत तेवढा पोचतो. त्यावरून मला कळतं, की स्वारी आत खोल लपून बसली आहे.

माझा जन्म एका लखलखीत खोलीत झाला. तिथली माणसं केसांवर टोप्या घालून, श्वाससुद्धा बेताने घेत काम करायची. तिथून मी गेलो थेट भंगाराच्या गोदामात! तिथला मुकादम दिवसभर मला ढिगाऱ्यात खुपसायचा. "हे काय? पितळ. हे? तांबं. हे? बरं, टाक तिकडे." दोन वर्षं मी गंजलेल्या नळांशी बोललो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कान तयार झाला तो तिथेच.

मग आरोग्य खात्याने मला जुन्यातला म्हणून विकत घेतलं. एका तंत्रज्ञाने मला रंगातलं शिसं ओळखायचा नवा धडा शिकवला. ज्या साहेबांनी हौसेने आणलं त्यांची बदली झाली आणि मी कपाटात गेलो. दहा महिने! माझ्या पेटीवर कुणीतरी छत्री ठेवली, कुणी जुन्या फायली. पोटातली बॅटरी पार उतरली. माणसं वस्तू आणतात मोठ्या हौसेने, पण ती वापरायची कुणी हे ठरवायचं राहून जातं.

मला बाहेर काढलं तपासनीस बाईंनी. त्या नव्याने रुजू झाल्या होत्या. त्यांनी फायली उचलल्या, छत्री बाजूला केली, पेटी उघडली आणि म्हणाल्या, "अगं बाई, तू इथे आहेस होय!" त्यांनी मला पुसलं, बॅटरी भरली, माझी पुस्तिका तीन दिवस बसून वाचली. रोज सकाळी कामाला लागण्याआधी शिशाची ठरलेली पट्टी त्या माझ्यापुढे धरत. आकडा बरोबर आला तरच आम्ही बाहेर पडायचो. माझ्यावर विश्वास टाकला, पण डोळे मिटून नाही. हे मला फार आवडायचं.

एकदा दवाखान्यातल्या नर्सताईंचा फोन आला. दोन वर्षांची एक मुलगी, घरात तिला ठकी म्हणतात. चेहरा उतरलेला, पोट दुखतं, बोलायला लागलेली ती पुन्हा गप्प झाली. रक्तात शिसं निघालं. पाचाच्या वर गेलं तरी डॉक्टर सावध होतात, हिचा आकडा बारा होता.

आम्ही गेलो तेव्हा दुपार कलली होती. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. घरात ठकी, तिची आई आणि आईची आई. घरमालकही वर आले होते, कपाळाला आठ्या घालून.

"तपासा, तपासा," ते म्हणाले. "मागच्याच वर्षी नवाकोरा रंग दिलाय. सांगून ठेवतो, काही निघायचं नाही."

ठकीचे वडील मात्र घरात नव्हते. ते रेडिओ दुरुस्त करायचे आणि सुटे भाग जोडायला डाख देताना वितळवतात त्या तारेत शिसं असतं. शिशाचं नाव निघताच सगळ्यांची नजर त्यांच्याकडे वळली होती. आजीने तोंडावर सांगितलं होतं, "जावईबापू, राग मानू नका, पण काही दिवस दुकानातच राहा." पोरीला जवळसुद्धा न घेता ते गेले. तीन आठवडे दुकानाच्या माळ्यावर राहत होते. त्यांचे कपडे, बूट आणि डब्याची पिशवी आईने तपासणीसाठी आणून दारात ठेवली होती.

बाईंनी सगळ्यांना माझ्या नाकासमोरून बाजूला केलं आणि कामाला सुरुवात केली. ठकीची बाहुली, लाकडी ठोकळे, तिचा पेला, भिंती, दार, खाटेचे पाय. मी हाका मारत राहिलो. शिशाने कुठेच ओ दिली नाही. घरमालकांच्या आठ्या एकेक करून उलगडत गेल्या.

मग वडिलांचा शर्ट. नाही. बूट. नाही. डब्याच्या पिशवीच्या तळाला मला बारीकशी चाहूल लागली. पडद्यावर छोटा आकडा आला.

"बघा!" आजी म्हणाली. "मी म्हणत नव्हते?"

आईने मान खाली घातली. मी आकडा सांगितला होता तो खराच होता, तरी मला वाटलं, न बोलतो तर बरं झालं असतं.

बाई मात्र पिशवीकडे बघत थांबल्या. "पिशवी बदलायला सांगा, दुकानातून निघताना हात नीट धुवायला सांगा. पण एवढ्याशाने बारा आकडा होत नाही. बरं, ते गेल्यावर पुन्हा रक्त तपासलंत?"

"परवाच," आई हळूच म्हणाली. "सतरा आला."

"वाढला?"

"वाढला."

"मग मला सांगा, ते घरात नाहीत तर वाढला कसा?"

तेवढ्यात ठकी उठली. कोपऱ्यातलं स्टूल तिने फरफटत खिडकीपाशी नेलं, वर चढली आणि खिडकीच्या कठड्यावर हनुवटी टेकून रस्त्याकडे बघत उभी राहिली.

"तिच्या बाबांची यायची वेळ झाली," आई म्हणाली. "आधी दहा मिनिटं उभी राहायची. ते कोपऱ्यावर दिसले की टुणकन उतरायची. आता ते येतच नाहीत. तासतासभर हलत नाही तिथून."

बाई जवळ गेल्या आणि वाकल्या. ठकीने कठडा तोंडात धरला होता. लाकडावर बारीक बारीक दातांच्या खुणा होत्या आणि पांढऱ्या रंगाचे टवके उडाले होते. बाईंनी तिला अलगद उतरवून आईकडे दिलं, सगळ्यांना मागे सरकवलं आणि मला त्या लाकडावर टेकवलं.

मी हाक मारली. वरचा पांढरा थर गप्प. त्याच्या खालचा गप्प. आणि मग तळातून, कुणी तरी कधी काळी लावलेल्या पहिल्या रंगातून, शिशाने अशी ओ दिली की माझा पडदा लाल झाला. चौकटीतही तेच. झडप सरकताना घासली जात होती तिथली भुकटीही तशीच.

घरमालकांच्या तोंडचं पाणी पळालं. "पण मी तर रंग..."

"तुम्ही रंग दिलात तो चांगलाच आहे हो," बाई म्हणाल्या. "खालचा वाईट आहे. तो तुमच्याही आधीचा असेल."

मग आजीनेच फोन मागितला. "जावईबापू, घरी या. नाही, ठकी बरी आहे. तुमचं काही नव्हतं हो. ती तुमची वाट बघत बघत ते विष चाटत होती आणि तुम्हाला मी घालवलं. या तुम्ही."

ते धावतच आले असावेत. उंबऱ्यावर थांबले, हात पाठीमागे बांधून. ठकी आईच्या कडेवरून त्यांच्याकडे झेपावत होती.

"उचलू का?" त्यांनी बाईंना विचारलं.

"आधी हात-तोंड धुवा."

"माझे धुतलेत, कोपरापर्यंत. दोनदा."

"तुमचे नाही हो, तिचे! आज मळलीय ती."

आई हसली. त्या घरात शिरल्यापासून पहिल्यांदाच कुणी हसलं. वडिलांनी मोरीवर बसून पोरीची बोटं एकेक करून धुतली, तोंड धुतलं, आपल्या रुमालाने पुसलं आणि तिला उचलून छातीशी धरलं. मी पेटीत होतो, झाकण उघडं होतं. मला सगळं दिसत होतं.

घरमालक म्हणाले, उद्याच घासून नवा रंग मारतो. बाईंनी त्यांना थांबवलं. कोरडं घासलं असतं तर ते विष घरभर उडालं असतं. त्यांनी माहितगार सुतार शोधून दिला. घरच्यांना आठ दिवस घरमालकांनीच खालच्या रिकाम्या जागेत ठेवलं. सुताराने लाकूड ओलं करून अख्खी चौकट काढली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेली, सगळं ओल्या फडक्याने पुसून घेतलं. ठकीचा आकडा सावकाश उतरला. सतराचा अकरा, अकराचा सहा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की पुढची काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल. पण ती बोलायला लागली. नर्सताई सांगत होत्या, आता दवाखान्यात इतकी बडबडते की सुई मारायला उसंत देत नाही.

पुढे घरमालक स्वतःच आमच्या कचेरीत आले. "बाकीच्या अकरा जागाही बघून घ्या," म्हणाले. आम्ही बघितल्या. सहा खिडक्यांत शिसं निघालं. त्यांनी सहाही बदलल्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी बदलल्या.

अशी किती घरं, किती शाळा, किती पिवळेधम्मक कप आणि चकचकीत माळा माझ्या नाकाखालून गेल्या! मी नुसता आकडा दाखवला. पुढची धावपळ बाईंनी केली, सुतारांनी केली, नर्सताईंनी केली. ही माणसं नसती तर माझा आकडा पडद्यावरच विझून गेला असता. त्यांचे उपकार माझ्यावर आहेत.

आता माझी क्ष-किरण सोडणारी नळी थकली आहे. हाक क्षीण झाली, उत्तर यायला वेळ लागतो. माझे सुटे भाग मिळत नाहीत. या मंगळवारी मला जन्मघरी परत पाठवणार आहेत, तिथे उघडून माझा धातू वेगळा करतील. काल बाईंनी मला शेवटचं पुसलं. नव्या यंत्राची पेटी शेजारीच होती, तरी आधी मलाच घेतलं हातात. म्हणाल्या, "दमलास रे." मला कपाटातून काढणाऱ्या त्या हातांना मी काय देणार? नाक स्वच्छ ठेवून निघतो, एवढंच.

तुमच्याकडे एक मागणं आहे. जुन्या खिडकीचे टवके उडत असतील तर नखाने खरवडू नका, कोरडा घासकागद तर मुळीच मारू नका. ओल्या फडक्याने पुसा, मुलांचे हात धुवा आणि तपासणाऱ्याला बोलवा. तो दारात आला की चहापाण्याचं राहू द्या. त्याला घरभर मोकळेपणाने फिरू द्या, आणि तुमचं लेकरू दिवसभर कुठे कुठे बसतं, ते त्याला सांगा.

येतो मी.