पालवीबुवांचा वाफा

पालवीबुवांना या सगळ्यातून काय मिळत होतं ते आधी पाहू, कारण चारचौघांत हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो.

दोन वेळचं जेवण, तेही पाळीने निरनिराळ्या घरचं, म्हणजे चवीचा कंटाळा नाही. बागेतल्या अवजारांच्या खोलीची किल्ली, आणि त्या खोलीत पाठ टेकायला खाट. बाकीची मंडळी उन्हात उकिडवी बसून खुरपत असताना सावलीतलं एकुलतं एक बाकडं. आणि दर रविवारी सकाळी दीडेकशे माणसं, तोंडातून शब्द पडायची वाट बघत उभी. पैसा? पैशाला बुवा शिवत नसत. कुणी नोट पुढे केलीच, तर विंचू बघितल्यासारखा हात मागे घेत. आणि पैशाला न शिवणारा माणूस दिसला, की लोक बाकीचा हिशेब मांडायचाच विसरतात.

त्या रविवारी भिंतीकडेच्या वाफ्यापाशी अशीच गर्दी लोटली होती. एका ट्रकड्रायव्हरच्या दम्याचं रोप आज उघडायचं होतं. मागच्या रविवारी ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं: गुलाबाचं काडीसारखं वाळलेलं रोप, पानं जळलेली, माना टाकलेली. बुधवारी बुवांनी त्यावर पांढरं कापड टाकलं होतं.

"झाड माणसापेक्षा मोठ्या मनाचं," बुवा डोळे मिटून म्हणाले. "तुम्ही दुखणं द्या, ते पिऊन टाकतं. मी कोण? मी मधला नळ."

कापड उचललं. खाली हिरवंगार रोप, टोकाला लालसर पालवी. गर्दीतून एक सुस्कारा फिरला. ड्रायव्हरने छाती भरून श्वास घेतला, मग खोकला आला तो त्याने गर्दीत दाबून टाकला.

मागच्या रांगेत उभ्या असलेल्या टेलरबाईंनी मात्र डोळे बारीक केले. तीस वर्षं लोकांच्या अंगाची मापं नजरेनं घेतलेली बाई. मागच्या रविवारी हे रोप कुंडीच्या काठापासून वीतभर होतं. आज वीत आणि वर दोन बोटं. शिवाय खालची पानं कोवळी नव्हती, चांगली जून होती. कापड धुतलं की आटतं, हे त्यांना माहीत होतं. झाकून ठेवलं की वाढतं, असं कापड त्यांनी पाहिलं नव्हतं.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

पाण्याच्या टाकीमागची ही बाग नगरपालिकेने कधीच वाऱ्यावर सोडली होती. सहा वर्षांपूर्वी निवृत्त पोस्टमास्तरांनी शेजारपाजारच्या वीस माणसांचं मंडळ जमवलं, तण उपटलं, वाफे पाडले आणि ज्याला त्याला एकेक वाफा वाटून दिला. दर रविवारी दोन तास फुकट काम, चहा आपापल्या घरी. पहिल्याच वर्षी एका उत्साही गृहस्थांनी शेजारणीची झेंडूची रोपं तण समजून उपटली आणि त्यावरून जे रामायण घडलं, त्यानंतर फाटकावर नियमाची पाटी लागली: 'दुसऱ्याच्या वाफ्याला हात लावू नये.' मंडळात वेळ चुकवली तर चाले, वर्गणी बुडवली तर चाले; या नियमाला मात्र कुणी धक्का लावत नसे.

पालवीबुवा सहा महिन्यांपूर्वी इतरांसारखेच खुरपं मागत आले. भिंतीकडेचा ओसाड वाफा त्यांना मिळाला, आणि पाटीच्या कृपेने कायमची कुलूपबंद तिजोरीच मिळाली म्हणा. त्यांच्या मातीत बोट घालून बघण्याची कुणाची टाप नव्हती.

रीत अशी होती. आजारी माणसाने नर्सरीतून सारख्या उंचीची गुलाबाची दोन रोपं आणायची. एक दुखण्याचं, एक आभाराचं. दुखण्याचं रोप कुंडीसकट वाफ्यात पुरायचं, "नाहीतर दुखणं मातीतून शेजारच्या वाफ्यात पसरेल." आपापल्या वाफ्याची काळजी असलेल्या वीसही जणांना ही सूचना फारच समंजस वाटली होती. आभाराचं रोप बुवांकडे द्यायचं, ते पुढे "जिथे पोचायचं तिथे पोचतं." आणि आपला नंबर लागल्यापासून औषध बंद. औषध घेतलं तर झाड रुसतं.

पुढचा, अकरावा नंबर टेलरबाईंच्या थोरल्या जाऊबाईंचा होता.

जाऊबाईंना साखरेचा आजार, आणि डाव्या पायाच्या करंगळीजवळ जखम. दवाखान्यात एक दिवसाआड ड्रेसिंग चालू होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की जखमेची कड काळी पडायला लागली तर एक दिवसही थांबू नका. ते ड्रेसिंग जाऊबाईंनी दोन आठवड्यांपूर्वी बंद केलं होतं. पायाला आता जाड मोजा असे, आणि मोज्याला वास येत होता.

"पाय दाखवा बघू," त्या संध्याकाळी टेलरबाई म्हणाल्या.

"तुला काय त्यात कळतं? तू ब्लाऊज बघ."

"जाऊबाई, उद्या दवाखान्यात जाऊ. रिक्षा मी सांगते."

"आणि झाड रुसलं म्हणजे? उद्याच तर लावायचंय." जाऊबाईंनी पाय साडीत ओढून घेतला. "तुझा स्वभावच संशयी. लग्न होऊन आलीस तेव्हा मी दिलेल्या बांगड्यासुद्धा तू वाजवून बघितल्या होत्यास."

"एक फुटकीच निघाली होती."

"हेच ते. अगं, तो माणूस एक पैसा घेत नाही. फुकट खोटं कोण बोलेल?"

"फुकट कुठं? मागच्या मंगळवारी आपल्याच घरी जेवून गेला. तीनदा वाढून घेतलं."

"जेवणाचं काढतेस? शोभतं का तुला?"

विषय तिथेच बुडाला. टेलरबाईंना एक मात्र उमजलं. जाऊबाईंशी वाद घालून पाय वाचणार नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी उघडं पडायला हवं होतं, तेही लवकर.

सोमवारी रोप लागलं. जाऊबाईंना वाकता येईना, म्हणून माती टेलरबाईंनीच लोटली. रविवारपर्यंत रोपाने माना टाकल्या, आणि जाऊबाई हरखून म्हणाल्या, "पितंय बघ कसं." बुधवारी संध्याकाळी त्यावर कापड पडायचं होतं.

बुधवारी दुपारी टेलरबाई आपल्या वाफ्याला पाणी घालायला आल्या. बुवा कुणाच्यातरी पंगतीला गेले होते. बागेत चिटपाखरू नव्हतं. त्या भिंतीकडेच्या वाफ्यापाशी गेल्या, सहा वर्षांत पहिल्यांदा नियम मोडून खाली बसल्या आणि रोपाभोवतीची माती बोटांनी बाजूला केली. जाड सुई काढली, लाल दोरा ओवला आणि खोडाच्या सालीत, मातीच्या खाली दोन बोटांवर, तीन टाके घातले. माती परत लोटली. बोट सहज जिभेला लावलं, आणि थुंकून टाकलं. माती खारट होती.

तिथून त्या थेट पोस्टमास्तरांकडे गेल्या आणि चिकटवलेलं पाकीट त्यांच्या हातात दिलं.

"काय आहे यात?"

"रविवारी मी सांगेन तेव्हा उघडा. त्याआधी नाही."

"बाई, पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पाकिटं सांभाळली. एकही उघडलं नाही," पोस्टमास्तर दुखावल्या आवाजात म्हणाले, आणि गुडघा धरून उठून त्यांनी ते कपाटात ठेवलं. बुवांकडे बारावा नंबर त्यांच्याच गुडघ्याचा होता; आभाराचं रोप त्यांनी आधीच पोचवलं होतं.

रविवारी गर्दी आणखी वाढलेली. जाऊबाईंना खुर्ची दिली होती. बुवांनी डोळे मिटले, नळाचं ते वाक्य झालं, कापड उचललं. हिरवंगार रोप. जाऊबाईंचे डोळे भरून आले.

"बुवा," टेलरबाई पुढे झाल्या, "कुंडी जरा बाहेर काढू द्या."

"टेलरबाई," पोस्टमास्तर म्हणाले, "नियम ठाऊक आहे ना?"

"आहे की. बुधवारीच मोडलाय. तुमचं पाकीट उघडा आता."

कुजबुज झाली. पोस्टमास्तरांनी खिशातून पाकीट काढलं, चष्मा लावला आणि तार वाचावी तसं वाचलं: "जाऊबाईंच्या रोपाच्या खोडाला, मातीखाली दोन बोटांवर, लाल दोऱ्याचे तीन टाके. मधला उलटा. बुधवारी दुपारी घातले."

टेलरबाईंनी कुंडी उपसून बाकड्यावर ठेवली, माती खरवडली. खोड मुळांपर्यंत उघडं झालं. हिरवट, गुळगुळीत. टाका एकही नाही.

बुवांनी डोळे उघडले. हसले. "माउली, ज्या झाडाने हाडातलं दुखणं प्यायलं, त्याला दोरा तो काय? विरघळला."

"खरंय," गर्दीतून एकजण म्हणाला.

"सुई टोचायला नको होती," दुसरी म्हणाली. "झाडाला लागतं."

टेलरबाईंनी वाद घातला नाही. "विरघळला असेल. आता खताचा खड्डा उपसू या. तसाही आज वरखाली करायचाच आहे."

आता बघा, बागेत जे मरतं ते कुठे जातं? फाटकातून वाळकी रोपं नेताना कुणी ना कुणी विचारणार. जाळलं तर धूर. उरतो खताचा खड्डा, जिथे वीसजणांचा पालापाचोळा पडतो आणि कुणाचं काय ते ओळखू येत नाही. ड्रायव्हरने दात्यांचं फावडं मारलं. तिसऱ्या फटक्याला गुलाबाची एक वाळकी काडी वर आली, मुळांना कुंडीच्या आकाराचा मातीचा गोळा. टेलरबाईंनी तो झटकला. तीन टाके, लाल. मधला उलटा.

फावडं चालूच होतं. आणखी एक काडी निघाली, मग आणखी. ड्रायव्हर मोजत नव्हता, नुसता उपसत होता, आणि आता खोकला दाबत नव्हता.

"खोलीची किल्ली द्या," पोस्टमास्तर म्हणाले.

"खोली साधनेची आहे."

"खोली फावड्यांची आहे. द्या."

खाटेमागे, गोणपाटाच्या आड, गुलाबाच्या तीन टवटवीत कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. ही आभाराची रोपं, जिथे पोचायची तिथे पोचलेली. प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली, म्हणजे जोडी चुकायला नको. 'मूळव्याध'. 'पाठ'. 'गुडघा – पोस्ट'. चौथ्या जागी कुंडीचा ओला गोल ठसा होता, आणि शेजारी पडलेली चिठ्ठी: 'पाय'. कोपऱ्यात मिठाची अर्धी गोणी.

"बागेत मीठ कशाला?" कुणीतरी विचारलं.

"गोगलगायींसाठी," बुवा तत्परतेने म्हणाले.

"माझ्या वाफ्यातल्या गोगलगायी तर आहेत तशाच आहेत," एक आजीबाई म्हणाल्या. हसू कुणालाच आलं नाही.

म्हणजे चमत्कार एवढाच. मिठाच्या पाण्याने एक रोप मारायचं, कापडाआड कुंडी उपसायची आणि त्याच खड्ड्यात जुळं रोप ठेवायचं. कुंडी पुरायची ती दुखणं पसरू नये म्हणून नाही, चटकन बदलता यावी म्हणून. दोन रोपं आणायची ती तुम्हीच, म्हणजे तुम्हाला फसवायचं सामानही तुमच्याच हाताने घरपोच. आणि औषध बंद, कारण औषधाने माणूस बरा झाला तर श्रेय झाडाला कसं मिळणार? बरा नाही झाला, तर गोळी लपूनछपून घेतली असणार, म्हणून झाड रुसलं. दोन्हीकडून बुवा मोकळे.

लोक चिठ्ठ्या वाचत होते तेवढ्यात बुवा तोंडावर पाणी मारायला म्हणून नळाकडे गेले. मधला नळ कोरडाच राहिला. बुवा फाटकातून पसार झाले.

जाऊबाई खुर्चीतच होत्या. टेलरबाईंनी वाळकी काडी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हे माझं?"

"हो. टाके बघा."

जाऊबाईंनी अंगठ्याने टाके चाचपले. मग म्हणाल्या, "म्हणजे दुखणं कुठेच गेलं नाही."

"नाही. पायातच आहे."

"रिक्षा सांग," जाऊबाई म्हणाल्या. "मोजा मात्र तू काढ. मला बघवणार नाही."

जखमेची नुसती कड काळी नव्हती. काळं कधीच पुढे सरकलं होतं. डॉक्टर ओरडले नाहीत, हेच जास्त लागलं. त्यांनी फक्त विचारलं, "चार आठवडे कुठे होता?" आणि जाऊबाईंनी पाय पुढे केला.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही असे फसलो नसतो. ती वीसही माणसं हेच म्हणत होती. त्यांच्यात पोस्टमास्तर होते, दोन शिक्षक होते, हाताने माती ओळखणारी माणसं होती. अक्कल सगळ्यांना होती. फक्त एका वाफ्यापुरती ती फाटकावरच्या पाटीला टांगून ठेवली होती. म्हणून सांगणं एवढंच: जिथे हात लावू नका म्हणतात, तिथे हात लावून बघा. जिथे कापड आहे, तिथे ते आपल्या हाताने उचला. जो पैसे घेत नाही, तो काय घेतो ते विचारा. आणि औषध बंद कर म्हणणाऱ्याच्या तोंडावर दार बंद करा, मग तो कितीही गोड बोलो.

कुणी काय भरलं म्हणाल, तर बुवांनी एक खाट सोडली, तीही मंडळाची होती. पोस्टमास्तरांनी अध्यक्षपद सोडलं. गुडघा दुखतोच आहे, पण आता गोळ्यांनी निदान जिना चढता येतो. ड्रायव्हर पुन्हा दम्याचा पंप वापरू लागला. टेलरबाईंचा वाफा मंडळाने ठराव करून एक महिना काढून घेतला, कारण नियम तो नियम; आणि ठरावाला अनुमोदन दिलं 'सुई टोचायला नको होती' म्हणणाऱ्या बाईंनी. अकरा रोपं खत झाली.

जाऊबाईंची करंगळी गेली, आणि तिच्या शेजारचं बोट.