देवाचे दोन किलो

मित्रांनो, माणसाचे खरे वजन या जगात फक्त दोघांनाच कळते. एक परमेश्वर आणि दुसरा मी. परमेश्वराचे मला ठाऊक नाही, पण माझे दोन किलो चुकत होते.

मी एक जुना वजनकाटा आहे. गोल तबकडी, लाल सुई आणि उभे राहायला रबर लावलेला पाटा, एवढाच माझा देह. मुलुंडच्या एका लहानशा कारखान्यात जन्मलो आणि पहिली वीस वर्षे उत्तरा डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात काढली. तिथे मुले माझ्यावर चढताना रडत आणि त्यांच्या आया स्वतः चढून उतरताना. "हा काटा खोटं बोलत नाही," असे डॉक्टरीणबाई येईल त्याला सांगत, आणि मी सुई किंचित ताठ करीत असे. मग एके दिवशी काचेचा, वहीएवढा चपटा, आकडे उजळवणारा काटा आला आणि माझी रवानगी शेजारच्या कबड्डी मंडळाच्या खोलीत झाली. दवाखान्यात मी उपकरण होतो, इथे सामान झालो. माझ्यावर मोजे वाळत पडू लागले.

अपवाद फक्त दसऱ्याचा. मंडळाचे चिटणीस सीतारामकाका मूळचे मालवणकडचे. दसऱ्याला ते करंडकांची पूजा करीत, शिट्टीची करीत, मैदान आखायच्या फक्कीच्या डब्याचीही करीत. माझ्यावर तर त्यांचा विशेष जीव. मला झेंडूचा हार, मूठभर अक्षता, पाट्याच्या कडेवर फोडलेला नारळ आणि तबकडीच्या काचेवर ओल्या कुंकवाचे ठसठशीत स्वस्तिक. ते स्वस्तिक नेमके शून्यावर बसे आणि पुढचे दोनतीन आकडेही पोटात घेई. देवाचे म्हणून वर्षभर ते कोणी पुसत नसे, उलट दरवर्षी गिरवले जाई. अक्षता, पाकळ्या, खोबऱ्याचे तुकडे फटीतून माझ्या आत जात राहिले. असे बारा दसरे गेले. शेवटी माझी स्प्रिंग इतकी अवघडली की अंगावर कोणी नसतानाही सुई दोन किलोवर टेकू लागली. पण सुई स्वस्तिकाखाली, मग पाहणार कोण?

अशा वेळी दर्शना आली. पंधरा वर्षांची, संघाचा डावा कोपरा सांभाळणारी. समोरची मुलगी चढाईला आली की हिची नजर तिच्या घोट्यावर. घाटकोपरला स्पर्धा होती आणि किशोरी गटाला वजनाची मर्यादा होती. मी दर्शनाला त्या मर्यादेच्या दीड किलो पुढे दाखवले.

"कोणीतरी क्रेन मागवा गं," चेतना म्हणाली. सगळ्या हसल्या. चेतना तिची मैत्रीण होती, त्यामुळे ते जास्त लागले.

त्या दिवसापासून दर्शना रोज माझ्यावर चढू लागली. सरावाआधी, सरावानंतर, पाणी पिऊन, पाणी न पिता, एकदा तर केसांच्या क्लिपा काढून. डबा जवळजवळ भरलेलाच परत जाऊ लागला. सुई पाहण्याआधी तिचा चेहरा पंधरा वर्षांचा असे, पाहिल्यावर पन्नास. "गे बाय, काटो खोटा बोलणा नाय," असे म्हणत सीतारामकाका तिला मैदानाला आणखी चार फेऱ्या मारायला लावीत. माझी दवाखान्यातली कीर्ती अशी त्या पोरीच्या मुळावर आली. मित्रांनो, मला ओरडून सांगायचे होते, की बाई, यातले दोन किलो तुझे नव्हेत, ते नारळाचे आहेत. पण मला तोंड नाही. सुई आहे, आणि ती तर बिघडलेली.

एका संध्याकाळी सरावात तिला चक्कर आली. प्रशिक्षक वनमालाताई दिवसा शाळेत भूगोल शिकवीत आणि संध्याकाळी आम्हाला दिशा दाखवीत. त्यांनी तिला सावलीत बसवले, केळे खायला घातले आणि दुपारी काय जेवलीस ते विचारले. दर्शनाने भरलेला डबा पिशवीत आणखी खोल ढकलला. थोडे बरे वाटल्यावर त्या तिला माझ्यापाशी घेऊन आल्या. दर्शना सवयीने चढली.

"उलटी फिर," ताई म्हणाल्या.

ती तबकडीकडे पाठ करून उभी राहिली.

"रोज चढायचंय ना तुला? चढ. पण अशीच. आणि आकड्याऐवजी मला सांगायचं, काल जमत नव्हतं असं आज काय जमलं."

"काहीच नाही जमलं."

"मग उतर. उद्या परत ये."

दुसऱ्या दिवशी ती चढली आणि म्हणाली, "डबा संपवला. कारलं होतं." ताईंनी एवढी गंभीर मान हलवली, जणू जिल्हा अजिंक्यपद जिंकून आणले. पुढे रोज काही ना काही येऊ लागले. सातांतले चार घोटे धरले. धाकट्या मुलीला पकड शिकवली. एकदा ती म्हणाली, आज एकही पकड जमली नाही, पण घरी पळून गेले नाही. आणि एक दिवस, पाठीचा कणा ताठ करून, "चेतनाला सांगितलं, मला क्रेन म्हणू नकोस, मला लागतं. ती म्हणाली, आधी का नाही बोललीस गं."

बघता बघता सगळ्याच मुली पाठमोऱ्या उभ्या राहू लागल्या. चेतनाने चढून जाहीर केले, की आज मी कोणालाच टोमणा मारला नाही.

"सराव सुरू होऊन पाचच मिनिटं झालीत," ताई म्हणाल्या.

दर्शनाने आपण होऊन मोठ्या मुलींच्या संघात नाव दिले. त्या गटाला वजनाची अट नव्हती. वजनामुळे का, असे ताईंनी विचारले. "थोडं त्यामुळे," ती म्हणाली, "पण त्या मुली दणकट आहेत. माझी पकड त्यांच्यावर चालते का, बघायचंय."

मग दसरा आला. आदल्या दिवशी साफसफाईत मी दर्शनाच्या वाट्याला आलो. तिने ओले फडके घेतले आणि बारा वर्षांचे स्वस्तिक पुसले. मग ती नुसती बघतच राहिली.

"काका, वर कोणी नाही. मग हे दोन किलो कोणाचे?"

"देवाचा वजन आसतला," सीतारामकाका म्हणाले.

मला उलटे केले, तेव्हा वाटीभर तांदूळ बाहेर पडले. मागोमाग वाळके झेंडू, नारळाच्या शेंड्या आणि हाराचा दोरा. सुई हलकेच शून्यावर आली. किती वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला. हिशेब सगळ्यांच्या लक्षात एकदमच आला. दर्शना पहिल्यापासून मर्यादेच्या आत होती. सीतारामकाका खाली बसले. इतक्या फेऱ्या मारायला लावल्या, म्हणाले, आणि डोळे पुसू लागले. मग घाईने उठले, चढ बाय, अजून वेळ आहे, तुझे नाव परत लहान गटात घालतो.

दर्शना चढली. पाठमोरी.

"आकडा तुमच्याकडेच ठेवा काका," ती म्हणाली. "माझं नाव आहे तिथेच राहू दे."

स्पर्धेहून ती कोपर खरचटून परतली आणि आधी माझ्याकडे आली. "हरलो," तिने सांगितले. "दोन घोटे धरले. तिसरा सुटला. उद्यापासून तो."

मित्रांनो, वजन सांगणे माझे काम आहे, मोल सांगणे माझे काम नाही. ते मी कधी सांगितले असे तुम्हाला वाटले असेल, तर त्या दिवशी माझ्या पोटात तांदूळ होते असे समजा. मला विचारण्याआधी एकदा माझ्याकडे पाठ करून उभे राहा आणि आज काय जमले ते स्वतःच्या तोंडाने सांगा. मी ऐकतो. मला आता दुसरा उद्योगही नाही.

एक लहानशी विनंती मात्र आहे. पूजा जरूर करा, पण पुढच्या दसऱ्याला नारळ कृपया फक्कीच्या डब्यावर फोडा.