न पुसलेला भुंगेरा

संग्रहालयात वाळलेल्या फुलांची कपाटं सांभाळणाऱ्या बाई आणि समोरच्या खोलीतले भुंगेऱ्यांचे काका, दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

"तुमचं फूल जन्मभर एका जागी. माझा किडा निदान चार घरं फिरून येतो," काका म्हणायचे.

"फिरतो कसला, उंडारतो."

पण या सोमवारी बाईंना भांडायचंही त्राण नव्हतं. टेकडीवरचं एक पिवळं फूल वीस वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं. शुक्रवारी समिती ते नामशेष ठरवणार आणि टेकडी खाणीला मोकळी होणार. बाईंनी तीन उन्हाळे टेकडी पालथी घातली, हाती काही लागलं नाही. काकांनी मात्र गेल्या वर्षीच तिथले भुंगेरे आणले होते. फुलावर बसलेल्या भुंगेऱ्याच्या पायाच्या केसांत पराग अडकतो; त्या फुलाचा सापडला, तर ते अजून जिवंत असल्याचा पुरावा. पण काकांची खोड जगजाहीर: टाचणी लावण्याआधी प्रत्येक किडा ते ब्रशने लख्ख करत.

गरजवंताला अक्कल नसते. बाई त्यांच्या दारात गेल्या.

"काका, एखादा तरी पुसायचा राहिला असेल?"

एरवी काका अंगावर आले असते. आज त्यांनी दार लोटलं आणि सगळ्यात खालचा खण ओढला. मळके भुंगेरे, तिरक्या टाचण्या, कोऱ्या चिठ्ठ्या.

"सगळेच राहिलेत. दीड वर्ष झालं, डोळ्यांना पाय कुठला नि केस कुठला, कळत नाही. पोरीलाही बोललो नाही. इथे कळलं तर घरी बसवतील."

"मग मला कशाला दाखवलंत? शुक्रवारी हा खण सगळे बघतील."

"बघू देत. माझे किडे ढीगभर आहेत. तुमचं फूल एकच."

चौथ्या भुंगेऱ्याच्या मागच्या पायावर पराग सापडला. कपाटातल्या त्या फुलाच्या जुन्या नमुन्यातल्या परागाशी तो हुबेहूब जुळला. काकांनी सवयीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मागे घेतला.

"कसा आहे?"

"गोल. अंगभर काटे."

"म्हणजे तुमच्यावर गेलाय."

बाईंना हसू आलं, आणि डोळेही भरले. त्यांनी काकांची टेकडीवरच्या नोंदींची, मोठमोठ्या अक्षरांतली वही उघडली, कोऱ्या चिठ्ठ्या पुढ्यात ओढल्या.

"सांगा, मी लिहिते."

काका खुर्चीत टेकले आणि एकेका भुंगेऱ्याची जागा, दिवस, वेळ सांगत गेले. बाई वहीशी ताडून लिहीत होत्या. छत्तीस चिठ्ठ्या झाल्या. एकही तारीख चुकली नाही.