महिन्याच्या आत

हेस्टरबाईंनी इंग्लंडमधल्या व्हिटबी गावचं घर मुलाच्या नावावर केलं, तेव्हा गल्लीभर त्यांच्या हुशारीची वाहवा झाली. आपल्यामागे सरकारने घराचा लचका तोडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. बक्षीसपत्र करायचं आणि पुढे सात वर्षं जगायचं, की त्यावर वारसाकर नाही. आणि जगायची तर त्यांना अठ्ठ्याहत्तर वर्षांची सवय होती!

मेख एवढीच, की दिलेल्या घरात पुन्हा बस्तान मांडायचं नाही. नाहीतर ते दिलंच नाही असं धरतात. वकिलांनी बजावलं होतं, "पाहुणी म्हणून राहा, पण वर्षाकाठी महिन्याच्या आत."

म्हणून त्या स्कारबरोला भाड्याच्या दोन खोल्यांत आल्या. शेजारी कोण राहतं, ते त्यांना टीव्हीच्या आवाजावरून जेवढं कळेल तेवढंच. डेसमंड, म्हणजे मुलगा, फ्रिजवरच्या कॅलेंडरवर आईच्या प्रत्येक मुक्कामाला लाल खूण करायचा. ऑक्टोबर संपता संपता खुणा झाल्या एकोणतीस.

"आई, तुझा कोटा संपला गं. नाताळला सकाळी ये, संध्याकाळी मी सोडतो."

आयुष्यात एकाही नाताळला त्या घराबाहेर झोपल्या नव्हत्या. नोव्हेंबरभर तेच डोक्यात. मग एका सकाळी, चहा ओतता ओतता, लख्ख आठवलं: फेब्रुवारीत नातवंडांना कांजिण्या आल्या होत्या. अकरा रात्री आपण त्यांच्या अंगाला गुलाबी औषध चोपडत होतो. त्याही पाहुणचारात धरायच्या?

वकील फोनवर हसले. "अहो बाई, आजारी पोरांना सांभाळायला राहिलात, ती पाहुणी कसली? त्या रात्री धरूच नका."

अकरा रात्री परत! फोनवर कशाला सांगायचं, म्हणून बाईंनी तडक बस पकडली. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थालाही सांगून टाकलं, "नाताळला घरी राहणार आहे मी."

"अजून महिना आहे की."

"आज नुसती वर्दी द्यायला चाललेय."

घरी सून टॅम्सिन वर होती, बाईंच्याच खोलीत. पलंगावर नवी चादर घालत होती.

"बरं झालं आलात. सांगा, माझ्या आईबाबांना ही खोली गार पडेल का? नाताळचे दहा दिवस येताहेत. डेसमंडने ऑगस्टमध्येच बोलावलं. म्हणाला, आईला तसंही कायद्याने राहता येणार नाही."

ऑगस्टमध्ये बाईंचे बारा दिवस शिल्लक होते. सप्टेंबरात त्यांना आग्रह करकरून ठेवून घेतलं होतं ते डेसमंडनेच.

तेवढ्यात तोही जिना चढून आला. "आई? अशी अचानक?"

"वकिलांशी बोलले आज."

तो दारातच थबकला. "काय म्हणाले?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. बापासारखेच कान लाल झाले होते.

"म्हणाले, महिना म्हणजे महिना. एक रात्रसुद्धा वाढवायची नाही."

डेसमंडचे खांदे सैल पडले. "फार वाईट वाटतं गं."

"तुझा काय दोष, पोरा? कायदाच तसा आहे," बाई म्हणाल्या, आणि चादरीचं दुसरं टोक धरून त्यांनी ते गादीखाली घट्ट खोचलं.