धुळ्याचा स्विच

धुळ्याच्या गोदामाचं नेटवर्क रोज दुपारी एकच्या सुमारास बसायचं आणि पाच मिनिटांत जळगावला संघमित्राचा फोन वाजायचा. त्या बियाणे कंपनीचं नेटवर्क सांभाळायला ती एकटीच. नशिराबाद, एरंडोल, अमळनेर, बाकीची गोदामं निमूट चालायची. धुळ्यानं मात्र तिला नको नको करून सोडलं होतं.

दोष सापडावा तरी कसा? काय बिघडलं याच्या नोंदी स्विचच्याच, म्हणजे गोदामाच्या सगळ्या वायरी जोडणाऱ्या डब्याच्याच, पोटात, आणि नेटवर्क बसलं की तिथला गोदामप्रमुख नवल लगेच स्विच बंद करून चालू करत राहायचा. अर्ध्या तासानं नेटवर्क यायचं, तोवर नोंदी पुसल्या गेलेल्या असायच्या. असं करू नका म्हणून तिनं दहादा सांगितलं. मग दारात उभ्या गाड्या तुम्ही येऊन सोडणार का, असं तो विचारायचा.

शेवटी तिनं ठरवलं, प्रत्येक स्विचनं आपल्या नोंदी घडल्या क्षणी जळगावच्या सर्व्हरवर पाठवायच्या. मग खुशाल बंद करा. तीन गोदामांचं काम एका सकाळी खुर्चीतूनच उरकलं. धुळ्याच्या जुन्या स्विचला मात्र दुरून हात लावायची सोय नव्हती. अडीच तास एसटीत हाडं खिळखिळी करून ती गेली, सर्व्हरचा पत्ता घातला, घड्याळ लावलं, पहिली नोंद जळगावला पोचल्याचं पाहिलं आणि संध्याकाळच्या गाडीला पळाली.

सकाळी पाहते तर रात्री आठनंतर धुळ्याची एकही नोंद नाही.

तिनं फोनवर नवलला धारेवर धरलं. कुणीतरी स्विचला हात लावलाय, माझी सगळी मेहनत पाण्यात गेली, वगैरे. रात्री आठला लाईट गेली होती, पण हात कुणीच लावला नाही, असं तो शपथेवर सांगत राहिला. ती तणतणत पुन्हा एसटीत बसली.

लॅपटॉप जोडला आणि तिचे कान तापले. स्विचमध्ये तिनं काल घातलेलं काहीच नव्हतं. बदल केले होते, पण ते कायमचे जपून ठेवायची शेवटची आज्ञा गाडीच्या घाईत द्यायचीच राहिली होती. लाईट गेली आणि सगळं तिच्याबरोबर गेलं. नवल शेजारीच उभा होता.

"नवलभाऊ, चूक माझी होती," ती म्हणाली. "उगाच बोलले तुम्हाला."

त्यानं नुसता चहा मागवला. त्यामुळे ती आणखी ओशाळली.

सगळं पुन्हा घालून, या वेळी दोनदा जपून ठेवून, ती एक वाजायची वाट बघत बसली. एक वाजून बारा मिनिटांनी नेटवर्क बसलं. तिनं नवलला स्विचपासून दूर ठेवलं आणि जळगाव ऑफिसातल्या हिशेबनीस स्वप्नीलला फोनवर सर्व्हरवरच्या शेवटच्या ओळी वाचायला सांगितलं. आठ नंबरचं पोर्ट चालू झालं, तो वाचू लागला, मग एकाच यंत्राचा पत्ता सात आणि आठ दोन्हींवर दिसतोय, पुढे काहीच नाही.

स्विचच्या सात आणि आठ नंबरच्या खाचांतून निघालेल्या वायरी धरत ती वजनकाट्याच्या केबिनमध्ये पोचली. भिंतीत शेजारी शेजारी दोन खाचा, आणि एकाच वायरीची दोन्ही टोकं त्या दोन्हींत खोचलेली. एका खाचेतून बाहेर पडलेली माहिती दुसरीतून परत आत शिरून गरगरत होती आणि त्या गर्दीनं सगळं नेटवर्क बसत होतं. तिनं एक टोक उपसलं. मिनिटभरात बाहेरून नवलनं चालू झाल्याचं सांगितलं.

काट्यावरचे हिलाल आबा घरून जेवून आले, काखेत लॅपटॉप. दुपारी केबिन उघडी असते म्हणून चोरीच्या भीतीनं ते तो रोज वायर काढून जेवायला जाताना घरी नेत.

"आबा, ही वायर इथे तुम्ही खोचता?"

"हा ताई. मोकळी लोंबकळनी का उंदरं कुरतडतस, म्हनीसन मी शेजारना बिळमा खोसी देस," आबा म्हणाले. "मन्हं काई चुकनं का?"

दीड महिना ती ज्याच्यावर मनातल्या मनात दात खात होती, तो गुन्हेगार गोदामातला सगळ्यात नीटनेटका माणूस निघाला. काही चुकलं नाही, फक्त आता ही वायर खिळ्याला टांगत जा, एवढंच ती म्हणाली. आबांनी तिथल्या तिथे हातोडी शोधली. तिनं आठ नंबरचं पोर्ट कायमचं बंद केलं.

परतीच्या बसमध्ये तिला साहेबांचा फोन आला. वायर खोचण्याचाच घोळ होता ना, मग एवढ्या सर्व्हरची गरज काय होती, असं त्यांनी विचारलं. संघमित्रा एरंडोल येईपर्यंत त्यांना समजावत होती.