एक्केचाळिसावा क्यू

मशीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असं पूर्णिमाचं ठाम मत होतं. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या बाईचं दुसरं काय मत असणार? म्हणून तालमीत सलग तीनदा लॅपटॉपवरचा आवाज एकाच जागी बंद पडला, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली ती मंडळाचा पडदा ओढणाऱ्या नीरजच्या नावाने.

आवाज होता सुलोचनाकाकूंचा. इंदूरच्या मराठी मंडळाची नाटकं काकूंनी चाळीस वर्षं गाजवली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि मागे उरली नुसती खरखर. पूर्णिमाने याच नाटकाच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून त्यांचं एकेक वाक्य वेचून काढलं. काकू रंगमंचावर ओठ हलवणार आणि ती विंगेतून एकेक वाक्य सोडणार, असं ठरलं. तीन महिने ती त्यावर खपली. हा आपला शेवटचा प्रयोग, असं काकूंनी जाहीर करून टाकलं होतं. त्यात त्यांची फजिती होता कामा नये, एवढाच तिला ध्यास लागला होता.

बंद पडायचा तो एक्केचाळिसावा क्यू, म्हणजे एक्केचाळिसावं वाक्य. नाटकातलं शेवटचं. घर सोडून गेलेला मुलगा दारात उभा राहतो आणि आई त्याला काहीतरी म्हणते, ते. पूर्णिमाने केबल बदलली, अपडेट बंद केले, वायफाय तोडलं, लॅपटॉपसुद्धा दुसरा आणला. घरी तेच वाक्य पन्नास वेळा वाजलं. हॉलवर आलं की पहिल्या शब्दालाच अडायचं. शेवटी प्रयोगाच्या दिवशी, रविवारी सकाळी तिने सॉफ्टवेअरमधली नोंद उघडली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की थांबवायची कळ दाबली गेली. तिने तर कुठल्याच कळीला हात लावला नव्हता.

मग दाबली कोणी? नीरज आठ वर्षं मंडळाचा साउंड सांभाळत होता. मागच्या साली त्याने अंत्ययात्रेच्या प्रवेशात वरातीचा बँड वाजवला आणि खुर्ची गेली पूर्णिमाकडे. आता तो पडदा ओढायचा. वरून हसायचा, पण तालमीनंतर काकूंशी कोपऱ्यात कुजबुजायचा आणि पूर्णिमा आली की गप्प व्हायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. आज काकूंनी हट्टाने कॉलर माईक मागितला, तोही यानेच लावून दिला. जुन्या नटीची हौस म्हणून पूर्णिमाने तो आपल्या मिक्सरवर बंदच ठेवला.

चार वाजता नाटक सुरू झालं. चाळीस वाक्यं लोण्यासारखी गेली. मग मुलाचं लांबलचक भाषण लागलं. तेवढ्यात पूर्णिमाने मोबाईलच्या उजेडात लॅपटॉपच्या तारा तपासल्या, तर मागच्या यूएसबी हबमध्ये नखाएवढा काळा तुकडा खोचलेला.

"नीरज, हे काय आहे?"

पडद्याच्या दोरीपाशी उभ्या नीरजचा चेहरा उतरला. "रिमोटचं आहे. मीच लावलंय. राहू दे ना यार, बस दो मिनिट."

"काकूंचा शेवटचा प्रयोग आहे हा. लाज नाही वाटत तुला?"

"अरे, सुन तो सही. मी काकूंना वचन..."

पूर्णिमाने तुकडा उपटला आणि एक्केचाळिसावं वाक्य सोडलं. ते अडलं नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा तो गोड, भरदार आवाज हॉलभर घुमला, "दार उघडंच होतं, बाळा..."

काकूंचे ओठ मात्र मिटलेले होते.

प्रेक्षकांत चुळबुळ झाली, मागे कोणीतरी हसलं. काकू मुलाकडे बघतच नव्हत्या. त्या विंगेकडे, पूर्णिमाकडे बघत होत्या, आणि पदराआड त्यांचा अंगठा एका छोट्या रिमोटची कळ पुन्हा पुन्हा दाबत होता.

पूर्णिमाला आता सगळं उलगडलं. शेवटचं तेवढं मी माझ्या तोंडाने बोलते, हे तीन महिने राबलेल्या पोरीला सांगायला काकूंची जीभ रेटली नव्हती. तालमीत त्या आवाज थांबवायच्या आणि पुढे तोंड उघडायचा धीर व्हायचा नाही. आज धीर केला, तर हिने वाट बंद करून ठेवली. नोंदी चाळत बसली आणि समोरच्या बाईचा हात बघितला नाही. स्वतःची इतकी शरम तिला कधी वाटली नव्हती.

तिने कळ दाबली. आवाज तुटला. मग तिने मिक्सरवर काकूंचा माईक आपल्या हाताने वर केला.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग जात्यात खडा अडकावा तशी घरघर, आणि तिच्यातून एकेक शब्द सुटा होत बाहेर आला. "दार... उघडंच होतं... बाळा..."

हसणारा मागे कुठेतरी गप्प झाला. वाक्य संपलं असं समजून नीरजने दोरी धरली. पूर्णिमाने त्याचा हात थोपवला. काकूंचे अजून दोन शब्द उरले होते, आणि त्यांना श्वास घ्यायला वेळ लागत होता.