हलका दगड

पूर्णिमा विज्ञानाची बाई म्हणून शाळेत लागली, त्या वर्षीची म्हणजे २०२३ ची गोष्ट. भनपुरीच्या मैदानात माणसांचा पूर लोटला होता. मधोमध हथौडा महाराज उताणे पडलेले, छातीवर चौघांनी उचलून ठेवलेली जाड फरशी. चेल्यानं घण घातला, फरशी दुभंगली, महाराज हसत उठले.

"पत्थर फूटेगा, रोग छूटेगा."

मग रोग्यांची रांग. दमा असो की मूळव्याध, औषध एकच, घण.

पूर्णिमाचे वडील नरहरराव उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीस वर्षं लोखंडाची धूळ खाऊन आलेले. दोन पावलांत धाप लागे. डॉक्टर म्हणाला होता, फुफ्फुस नवं होत नाही. महाराज म्हणत, होतं. म्हणून कुसुमनं नवऱ्याला इथं आणलं. ते कळताच पूर्णिमा शाळेतून धावत आली, पण गर्दी पुढं सरकू देईना.

नरहररावांना निजवलं. फरशी पाहून कुसुमनं महाराजांचे पाय धरले.

"नुसते हाडं राह्यले जी यांचे. हलका दगड ठेवा."

महाराजांनी दया केली. चेल्यानं पातळ फरशी आणली. घण मात्र तोच.

"मोठा ठेवा!" पूर्णिमा मागून ओरडली. "आई, जाड दगड ठेवायले सांग!"

बाया वळून पाहू लागल्या. एक म्हणाली, "काय पोट्टी आहे, बापाच्या उरावर धोंडा मागून राहिली." हशा पिकला. त्या हशातच घण पडला. फरशी फुटली, खालच्या बरगड्याही.

नरहररावांच्या तेरवीनंतर महाराजांचा निरोप आला, श्रद्धा कम पड़ गई. कुसुमनं तो ऐकून घेतला आणि लेकीला विचारलं, "तू मोठा ठेवा म्हणून काहून ओरडत होती?"

पूर्णिमानं दारातला आईचा रिकामा भाजीचा ठेला ढकलला. तो घरंगळत दूर गेला. मग त्यावर कांद्याची पोती चढवून तेवढाच धक्का दिला. ठेला जेमतेम हलला.

"धक्का तोच, आई. जड वस्तू त्यानं हळू सरकते, हलकी जोरात जाते. पुस्तकात याले जडत्व म्हणतात. महाराजाले जाड फरशी वाचवत होती, मंत्र नाही."

कुसुम ठेल्याला धरून खाली बसली. "म्हणजे मी दया मागितली नसती तर..."

पूर्णिमानं ठेल्यावरची पोती एकेक करून खाली उतरवली.

लोकहो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी दगडाचं वजन विचारा. विचारणाऱ्याला हसू नका.

नरहरराव घण बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ डिसेंबर २०२३ ला, मंगळवारी सकाळी वारले.